दातपरी यायची राहून गेली, तर: चुकीनंतरची सारवासारव क्रमाने कशी करावी

पडलेला दात उशीखाली ठेवला की रात्री दातपरी येऊन त्याच्या बदल्यात नाणे ठेवते, असे मुलांना सांगितले जाते; प्रत्यक्षात ते काम पालक करतात. असा दात उशीखाली ठेवून झोपलेले मूल सकाळी तोच दात हातात घेऊन समोर उभे राहते, आणि रात्री नाणे ठेवायचे साफ विसरलेले पालक पहिल्या अर्ध्या मिनिटातच काहीतरी बोलून बसतात. पुढचा बहुतेक गोंधळ त्या एका वाक्यातून सुरू होतो. विसरणे ही चूक लहान असते आणि ती दुसऱ्या रात्री भरून निघते; घाईने दिलेले कारण मात्र पुढच्या प्रत्येक दाताच्या वेळी सांभाळावे लागते, आणि ते सांभाळण्यासाठी आणखी एक कारण जोडावे लागते. म्हणून येथे भर क्रमावर दिला आहे. आधी ऐकून घ्यावे, मग कारण ठरवावे, त्यानंतर पुरावा ठेवावा आणि शेवटी नोंद करावी. प्रत्यक्षात बहुतेक घरांत कारण सर्वांत आधी सांगितले जाते आणि नोंद कधीच होत नाही.

पुढील टप्पे मुख्यतः दातपरीला धरून लिहिले आहेत. सांताक्लॉजची रात्र वर्षभर आधी ठाऊक असते, पण दात पडायला मुहूर्त लागत नाही, त्यामुळे विसरण्याचे प्रसंग दातपरीच्याच वाट्याला अधिक येतात. भेट आणणाऱ्या इतर पाहुण्यांच्या बाबतीतही क्रम हाच राहतो.

१. पूर्वतयारी: नियम एकदाच ठरवून लिहून ठेवणे

दुधाचे दात एकूण २० असतात. समोरचे ८ दात साधारणपणे ६ ते ८ या वयात पडतात, नंतर बऱ्याचदा काही काळ उसंत मिळते, आणि सुळे व दाढा साधारण ९ ते १२ या वयात पडतात. दातपरीचा खरा कारभार त्यामुळे पहिल्या ८ दातांचाच असतो. दाढांची पाळी येईपर्यंत बहुतेक मुलांना सगळे उमगलेले असते. पहिल्या दाताच्या कौतुकात थाटमाट करताना तोच थाट आणखी सात वेळा, कधी थकून आलेल्या रात्री, तर कधी प्रवासात करावा लागणार आहे, याचा विचार करावा.

यासाठी एक लहान वही ठेवावी आणि ती मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी असावी. तिच्यात पाच गोष्टी लिहाव्यात: परी किती नाणी ठेवते, दात घेऊन जाते की ठेवून जाते, चिठ्ठी दर वेळी लिहिते की क्वचित, तिचे अक्षर घरातील कोण आणि कोणत्या पेनाने काढते, आणि ती वस्तू नेमकी कोठे ठेवते. ही वही अनेकांना अति वाटते. पण दोन दातांमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात, आणि त्या काळात पालक तपशील विसरतात, मुले विसरत नाहीत.

जागेबाबत स्पष्ट सांगायचे तर उशीखालची जागा सर्वांत गैरसोयीची आहे. झोपलेल्या मुलाच्या डोक्याखाली हात घालावा लागतो, दात चादरीच्या घडीत हरवतो आणि सकाळी नाणे पलंगामागे सापडते. पलंगाशेजारी ठेवलेली लहान डबी किंवा कापडी पिशवी हे काम सोपे करते. सुरुवात उशीने झालेली असेल, तर पिशवी उशीच्या कडेला, निम्मी बाहेर राहील अशी ठेवण्याची सवय लावता येते.

वेळेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येतो आणि पहाटेच्या सुमारास झोप हलकी होत जाते. मूल झोपल्यावर साधारण तासा-दीड तासाने नाणे ठेवणे सर्वांत सुरक्षित असते. ‘सकाळी लवकर उठून ठेवू’ हा बेत दोन कारणांनी फसतो: एक तर आपण उठत नाही, आणि उठलो तरी त्या वेळी मुलाची झोप सहज मोडते.

फोनवर गजर लावावा, मात्र त्याला ‘परी’ असे नाव देऊ नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचता येते आणि पालकांचा फोन हे त्याचे आवडते वाचन असते.

*सावधान:* घरात तीन वर्षांखालील भावंड असेल, तर नाणे, दात आणि डबीचे झाकण या सगळ्याच वस्तू घशात अडकू शकतात. चपट्या गोल बॅटरीवर चालणारे छोटे दिवे या कामासाठी वापरू नयेत. अशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते. चमकीची भुकटी उशीवर किंवा उशीजवळ टाकू नये, कारण ती डोळ्यात जाऊन बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

२. पहिली दोन मिनिटे: कारण देऊ नये

दात जागेवरच असल्याचे मुलाने सांगितले की पालकांनी फक्त ऐकल्याची खूण द्यावी. ‘अरे, दात अजून इथेच आहे?’ एवढे पुरेसे आहे. आवाजात आश्चर्य असावे, घबराट नसावी. मुलाला निराशा वाटत असेल, तर तिला आधी जागा द्यावी: ‘तू इतकी वाट पाहिलीस, आणि ती आली नाही. वाईट वाटलं ना?’ निराश मुलाला जवळ घेण्यापूर्वी दिलेले स्पष्टीकरण कितीही चतुर असले, तरी ते त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

या दोन मिनिटांत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एक पालक दुसऱ्याकडे रागाने पाहतो आणि ‘तू ठेवणार होतास ना?’ असे अर्धवट वाक्य तोंडातून निसटते. किंवा ‘थांब, मी बघून येते’ म्हणत आई एकटीच खोलीत जाते आणि तिच्या परतण्याबरोबर नाणे प्रकट होते. हा डाव सगळ्यांना सुचतो, आणि पाच वर्षांच्या, झोपेतून नुकत्याच उठलेल्या, केवळ उशी उचलून पाहिलेल्या मुलाच्या बाबतीत तो खपूनही जातो. मात्र मुलाने चादर झटकली असेल, पलंगाखाली पाहिले असेल किंवा भावंडाला बोलावून दोघांनी मिळून शोध घेतला असेल, तर तोच डाव बिंग फोडणारा ठरतो, कारण नाणे आणि आई एकाच वेळी आत गेल्याचे मुलाच्या लक्षात राहते.

*सावधान:* चुकीचा भार मुलावर कधीही टाकू नये. ‘तू उशिरा झोपलीस म्हणून’, ‘खोलीत किती पसारा आहे बघ’, ‘दात नीट घासला नव्हतास’ ही वाक्ये पालकांची अडचण क्षणात सोडवतात, म्हणूनच ती जिभेवर येतात. त्यांचा परिणाम असा होतो की आपल्या विसराळूपणाची शिक्षा मूल भोगते, आणि पुढच्या दाताच्या रात्री ते उत्सुकतेऐवजी धास्तीने झोपते. या सगळ्या प्रक्रियेत एकच चूक अक्षम्य म्हणायची झाली, तर ती हीच.

३. मुलाला काय ठाऊक आहे, ते काढून घेणे

कारण ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी कळायला हव्यात: मुलाने कोठे कोठे पाहिले, त्याने हे आणखी कोणाला सांगितले आहे, आणि त्याच्या मते काय घडले असावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहज मिळतात. तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे, आणि तोच सहसा विचारला जात नाही.

‘तुला काय वाटतं, काय झालं असेल?’ असे विचारल्यावर बहुतेक मुले स्वतःच उत्तर देतात. काल खूप जणांचे दात पडले असतील, तिला आपले घर सापडले नसेल, ती उद्या येईल. मुलाने दिलेले कारण त्याच्या मनातल्या परीच्या नियमांशी जुळणारे असते. पालकांनी घाईत रचलेले कारण तसे जुळेलच याची खात्री नसते. मुलाचे उत्तर निरुपद्रवी असेल, तर ‘असू शकतं’ एवढेच म्हणून थांबावे. त्यावर स्वतःची भर घालण्याचा मोह आवरावा. मुलाच्या साध्या अंदाजाला पालकांनी उत्साहाने तीन नवे तपशील जोडले की ती तिन्ही आश्वासने होऊन बसतात.

मुलाचे उत्तर ‘तूच विसरलीस ना?’ असे असेल, तर पुढचे टप्पे सोडून थेट सातव्या टप्प्याकडे जावे.

*तपासणी:* दात स्वतःहून पडला होता का, हेही एकदा आठवावे. पडल्यामुळे किंवा मार लागून दात निघाला असेल, तर आधी दंतवैद्यांना दाखवावे. निखळलेला दुधाचा दात पुन्हा जागेवर बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. दात गिळला गेला असेल आणि मुलाला खोकला, घुसमट किंवा श्वासाचा त्रास नसेल, तर तो सहसा काही न होता शौचावाटे निघून जातो. त्रास असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. परीचा विषय त्यानंतरचा.

४. कारण निवडणे: एकच, लहान आणि पुन्हा वापरता येण्याजोगे

मुलाने स्वतः कारण दिले नाही आणि ते उत्तराची वाट पाहत राहिले, तरच हा टप्पा लागतो. चांगल्या कारणाची परीक्षा अशी: ते एका वाक्यात मावले पाहिजे, मुलाला ते पडताळून पाहता येऊ नये, त्याने कोणाला भीती वाटू नये आणि पुढच्या वेळी त्याच्यामुळे आपलेच हात बांधले जाऊ नयेत. या कसोट्यांवर नेहमी दिली जाणारी बरीच कारणे टिकत नाहीत.

परी आजारी आहे, हे कारण लगेच सुचते आणि हळव्या मुलाला दिवसभर काळजीत टाकते. संध्याकाळपर्यंत ‘ती बरी झाली का’ हा प्रश्न येतो आणि उत्तर देणाऱ्याला पुन्हा रचना करावी लागते. पावसामुळे ती आली नाही म्हणावे, तर मूल खिडकीबाहेर पाहते. शिवाय एकदा हे सांगितले की पुढचा दात पावसाळी रात्री पडता कामा नये, आणि ते आपल्या हाती नसते. ‘ती आली होती, पण तुझी झोप चाळवली म्हणून परत गेली’ या कारणात मुलावरचा दोष लपलेला आहे, म्हणून तेही बाद. तिचा पत्ता चुकला असे म्हटले, तर मागच्या वेळी कसा सापडला, हा प्रश्न सहा वर्षांचे मूल हमखास विचारते.

राहता राहतात दोन. ‘काल खूप दात गोळा करायचे असतील, तिला उशीर झाला असेल’ हे साधे कारण बहुतेक वेळा पुरते. त्याहून सरस आहे तो नियमाच्या रूपातला खुलासा: संध्याकाळनंतर पडलेला दात परीच्या दुसऱ्या दिवशीच्या यादीत जातो. यात कोणाची चूक नाही, कोणावर संकट नाही, आणि पालकांना पुढच्या प्रत्येक वेळी एका दिवसाची सवलत आपोआप मिळते. मात्र हा नियम सांगण्यापूर्वी वही उघडून पाहावी. मागे एखादा दात रात्री पडूनही त्याच रात्री नाणे मिळाले असेल, तर हा मार्ग बंद आहे. आणि दात सकाळी शाळेत पडला होता हे साऱ्या वर्गाला ठाऊक असेल, तरीही.

कारण सांगताना ‘असेल’ हे क्रियापद सोडू नये. ‘उशीर झाला असेल’ हा अंदाज आहे, ‘उशीर झाला’ ही बातमी. बातमी आली की ती कोणी दिली, हा प्रश्न तिच्यामागून येतोच.

*तपासणी:* ठरवलेले वाक्य दुसऱ्या पालकाला आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही त्याच शब्दांत सांगावे. आई म्हणते उशीर, बाबा म्हणतात सुट्टी आणि आजोबा तिसरेच काहीतरी रंगवून सांगतात, अशा घरात मुलाला तपास करण्याची गरजच पडत नाही.

५. पुरावा ठेवणे: बोलण्यापेक्षा वस्तू अधिक काम करते

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील मानसशास्त्रज्ञ जॅकलीन वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना एका नव्याच, संशोधकांनी रचलेल्या चेटकिणीची ओळख करून दिली. ती रात्री येऊन गोळ्यांच्या बदल्यात खेळणे ठेवून जाते, असे त्यांना सांगितले. काही मुलांच्या घरी पालकांच्या मदतीने ती ‘येऊन गेली’, काहींच्या घरी नाही. गटातील मोठ्या मुलांमध्ये, ज्यांच्याकडे ती येऊन गेली होती, त्यांचा तिच्यावरचा विश्वास अधिक होता. आपल्या कामापुरता याचा बोध असा घ्यावा की सकाळच्या खुलाशावर फार शक्ती खर्च करू नये. डबीत नाणे दिसले की त्या खुलाशाची कोणी उलटतपासणी करत नाही.

नाणे त्याच दिवशी ठेवावे की दुसऱ्या रात्री, यावर पालकांमध्ये मतभेद असतात. शक्य तेथे दुसरी रात्र निवडावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तयारीला दिवस मिळतो, परीच्या येण्याची वेळ रात्रीचीच राहते आणि मुलालाही वाट पाहण्याचा आनंद पुन्हा एकदा मिळतो. दिवसाढवळ्या, मूल शाळेत असताना परी येऊन गेली असे एकदा घडले की ‘ती दिवसाही येते’ हा नवा नियम तयार होतो, आणि मग घरात कोण होते, याची चौकशी सुरू होते. मूल फारच लहान असेल आणि रडून हैराण झाले असेल, तर त्याच दिवशी ठेवणे समजण्यासारखे आहे. तसे केल्यास मुलाने सकाळी न पाहिलेल्या जागीच ठेवावे.

दुसऱ्या रात्री ठेवताना रक्कम वाढवू नये. अपराधी वाटणारा पालक दुप्पट नाणी ठेवतो, आणि त्यातून मुलाला परीने उशीर केलेलाच बरा, असा सरळ हिशेब कळतो. भावंड असेल, तर त्याचा जुना हिशेबही त्याच दिवशी निघतो. काही अधिक द्यायचेच असेल, तर चिठ्ठी द्यावी.

चिठ्ठी लिहिताना

चिठ्ठी चार-पाच ओळींची असावी आणि मुलाला ती स्वतः वाचता येईल इतकी सोपी असावी. पालकांचे अक्षर मुले लवकर ओळखतात, कारण डब्यावरचे नाव आणि वहीवरच्या सूचना ती रोज पाहतात. दुसऱ्या हाताने लिहिणे हा जुना उपाय चालतो, फक्त पुढच्या वेळी तेच वाकडेतिकडे अक्षर पुन्हा काढता यायला हवे. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे घराबाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीकडून तीन-चार चिठ्ठ्या एकदाच लिहून घेणे आणि मुलाच्या नावाची व दाताच्या तपशिलाची जागा मोकळी न ठेवता मजकूरच सर्वसाधारण ठेवणे. मोकळी जागा नंतर आपल्या अक्षरात भरली की सगळी मेहनत वाया जाते. कागद मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला नसावा आणि पेन त्याच्या कंपासपेटीतले नसावे.

उशिराच्या चिठ्ठीत लांबलचक माफी मागू नये. माफी जितकी लांब, तितकी ती मोठ्या माणसाने लिहिल्यासारखी वाटते. नमुना असा:

‘तुझा दात मिळाला. काल माझी पिशवी भरली होती, म्हणून आज आले. दात छान चमकतो आहे. मागच्या दाढाही अशाच घासत जा. तुझी, दातपरी.’

हा मजकूर उशिराचे कारण अर्ध्या ओळीत सांगतो आणि लगेच दाताकडे वळतो. सकाळी जे कारण सांगितले असेल, तेच चिठ्ठीत यावे. वेगळे कारण अधिक सुंदर सुचले, तरी ते वापरू नये.

*तपासणी:* नाणे आणि चिठ्ठी ठेवल्यावर दात उचलला का? परी दात घेऊन जाते असे ठरलेले असताना नाणे ठेवून दात तेथेच विसरणे, ही दुसऱ्या रात्रीची नेहमीची चूक आहे. पहिली चूक भरून काढण्याच्या नादात ती होते, आणि मग दोन दिवसांत दुसरा खुलासा करावा लागतो.

६. रंगेहाथ सापडल्यास

हात डबीत किंवा उशीखाली असताना मुलाने डोळे उघडले, तर झटक्यात हात मागे घेऊ नये. हालचाल थांबवावी, पांघरूण सारखे करावे आणि हळू आवाजात ‘झोप, रात्र आहे’ एवढेच म्हणावे. गाढ झोपेतून अर्धवट जागे झालेले मूल गोंधळलेले असते आणि सकाळी त्याला यातले बऱ्याचदा काही आठवत नाही. त्या क्षणी दिलेला सविस्तर खुलासा मात्र त्याला पुरते जागे करतो. नाणे हातातच राहिले असेल, तर ते घेऊन निघून यावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा जावे.

सकाळी आपण होऊन विषय काढू नये. मुलाने ‘मी रात्री तुला पाहिलं’ असे म्हटले, तर ते नाकारू नये. ‘हो, मी आले होते, तू नीट झोपला आहेस का बघायला’ हे उत्तर पुरेसे आहे आणि त्यात मुलाच्या डोळ्यांना खोटे पाडलेले नाही. ‘तुला स्वप्न पडलं असेल’ हे वाक्य टाळावे. मुलाने खरोखर पाहिलेली गोष्ट त्याने पाहिलीच नाही असे पटवून देणे, हे परीच्या गोष्टीपेक्षा वेगळ्या आणि अधिक गंभीर जातीचे खोटे आहे.

जुना दात आईच्या खणात सापडणे, हा याच प्रकारातला पण अधिक अवघड प्रसंग. परी दात नेते असे सांगितलेले असेल, तर तो घरात ठेवण्याचा मोह आवरावा. ठेवायचाच असेल, तर मूल उघडत नाही अशा कुलपात ठेवावा. सापडल्यावर ‘परीने मला सांभाळायला दिला’ हे उत्तर सुचते, पण ते पालकांची आणि परीची थेट ओळख असल्याचे जाहीर करते, आणि त्यानंतर प्रत्येक तक्रार व प्रत्येक मागणी पालकांमार्फत तिच्याकडे पाठवली जाऊ लागते. वय साडेसातच्या पुढे असेल, तर येथे सारवासारव न करता पुढच्या टप्प्याकडे वळणेच शहाणपणाचे.

७. थेट प्रश्न आल्यावर थांबणे

‘परी रात्री कशी येते?’ हा कुतूहलाचा प्रश्न आहे आणि ‘परी म्हणजे तूच ना?’ हा खुलाशाचा. पहिल्याला ‘तुला काय वाटतं?’ असे उलट विचारता येते. दुसऱ्यालाही एकदा तसे विचारून पाहावे, कारण काही मुलांना नुसते चाचपून पाहायचे असते आणि ती स्वतःच ‘नाही, खरी आहे’ म्हणून विषय मिटवतात. मात्र मुलाने पुन्हा विचारले, किंवा ‘खरं सांग’ असे शब्द वापरले, तर सत्य सांगावे. येथे नवा पुरावा उभा करणे, पावलांचे ठसे काढणे, दुसऱ्या कोणाला परीच्या आवाजात फोन करायला लावणे, हे सगळे चुकीचे आहे. मुलाने विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता त्याला हरवण्याचा तो प्रयत्न ठरतो.

पालकांना वाटते तितका हा क्षण मुलांना जड जात नाही. सांताक्लॉजविषयीचे सत्य कळलेल्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक अभ्यास १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक मुलांनी साधारण सातव्या वर्षी स्वतःच ते शोधून काढल्याचे आणि त्यांची प्रतिक्रिया बरीचशी चांगली असल्याचे दिसले. वाईट वाटल्याचे अधिक करून पालकांनी सांगितले.

सांगताना क्रम असा ठेवावा: आधी मुलाने काय काय ओळखले ते त्याच्याकडूनच ऐकावे आणि त्याच्या निरीक्षणाला दाद द्यावी, मग नाणी आपणच ठेवत होतो आणि ते करताना आपल्याला मजा येत होती, हे साध्या शब्दांत सांगावे, शेवटी उरलेल्या दातांसाठी हा खेळ पुढे चालू ठेवायचा का, हे त्यालाच ठरवू द्यावे. धाकटे भावंड असेल, तर आता तूही परीच्या बाजूचा झालास, असे म्हणून पुढच्या चिठ्ठीचे काम त्याला द्यावे. वर्गातल्या इतरांना सांगू नकोस, ही विनंती कारणासह करावी. नुसत्या ताकिदीने ते गुपित मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.

*सावधान:* एखाद्या मोठ्या मुलाने किंवा नातेवाइकाने आधीच सांगून टाकले असेल, तर त्या व्यक्तीला खोटे ठरवू नये. ‘काही जण असं मानतात, तुला काय वाटतं?’ असे विचारून मूल कोठे उभे आहे ते पाहावे, आणि त्यानुसार तिसऱ्या टप्प्यापासून किंवा याच टप्प्यापासून पुढे जावे.

८. नोंद आणि पुढच्या दाताची सोय

प्रसंग निभावल्यावर त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहाव्यात: दात कोणता, कधी पडला, सांगितलेले कारण कोणत्या शब्दांत सांगितले, आणि चिठ्ठीत नेमके काय होते. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला तर उत्तम, फक्त तो मूल उघडून पाहते त्या फोटोंमध्ये राहणार नाही याची काळजी घ्यावी. यानंतर पालकांनी आपण होऊन विषय काढू नये. परीला उशीर झाला ही गंमत चार दिवस पाहुण्यांना रंगवून सांगणारा पालक स्वतःच नवनवे तपशील जोडत जातो, आणि मूल शेजारी बसून ऐकत असते.

समोरचे खालचे दोन दात बहुधा थोड्याच अंतराने पाठोपाठ पडतात. म्हणून पहिल्याची सारवासारव संपली की लगेच दुसरा हलतो का ते पाहावे, लागणारी नाणी वेगळी काढून ठेवावीत, आणि तो दात ज्या दिवशी पडेल त्या दिवशी मुलाने दाखवताक्षणीच, इतर कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी, रात्रीचा गजर लावावा.